नाव घेऊन सांगितलेलं गाऱ्हाणं

आडबंदर गावात देवाला काय सांगायचं ते बाबू गावकर सांगत असे. त्याच्या आधी त्याचा बाप सांगायचा, बापाच्या आधी आजा. पायाकडे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि गळा मोकळा सोडून गावाच्या वतीने मागणं मागायचं. यालाच गाऱ्हाणं म्हणत. एकेक वाक्य संपलं की जमलेली माणसं एका आवाजात म्हणायची, ‘व्हय म्हाराजा.’

बाबूचा आवाज लांबवर जायचा. गाऱ्हाणं सुरू झालं की किनाऱ्यावर जाळं विणणारी माणसंही हात थांबवायची. हे बाबूला ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. मात्र आपण स्वतःचं काही सांगतो असं त्याने कधी मानलं नव्हतं. “तोंड माझा, शब्द गावाचे,” असं तो म्हणे. ऐन वेळी कोणी कानाशी लागून सांगायचं, पोराच्या व्हिसाचं बघ, म्हस दोन दिवस घरी आली नाही, तेवढं सांग. बाबू ते त्याच दमात गाऱ्हाण्यात गुंफायचा. माणसाचं नाव घ्यायचा, गरज पडली तर म्हशीचंही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायच्या वेळी असंच झालं. नारळ हातात देता देता सुदेश त्याच्या कानाशी वाकला. सुदेश म्हणजे गावच्या विकास समितीचा अध्यक्ष. वय कमी, बोलणं गोड, कामाला वाघ.

“काका, एक वाक्य वाढवा. जो कोण गाव फोडूक बघता, तेका गावाच्या शिवेभायर ठेव, असा.”

बाबूने वाढवलं. गाव फुटू नये यात वावगं काय? त्याने नेहमीसारखा दम घेतला आणि वाक्य समुद्रावर सोडलं. “व्हय म्हाराजा,” गाव गरजला. बायकांच्या बाजूने आलेल्या आवाजात त्याच्या मैतराच्या विधवेचा, तुळसाचाही होता. तिचा आवाज किंचित फाटका, शंभरांत ओळखू येणारा. बाबूने तो ऐकला आणि तो पुढच्या वाक्यावर गेला.

काय केलं ते त्याला रापणीचा हंगाम सुरू झाल्यावर कळलं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं गावाचं मोठं जाळं. होडी ते अर्धगोल टाकून येते आणि दोन्ही टोकांच्या दोरांना अख्खं गाव लागतं. जो दोराला हात लावतो त्याला वाटा, मग तो म्होरक्या असो की विधवा बाई. त्या दिवशी तुळसाने पदर खोचून दोर धरला होता. तिच्या पुढचा माणूस दोर सोडून दुसऱ्या टोकाला गेला. मागचाही गेला. ती एकटीच मधल्या मोकळ्या जागेत ओढत राहिली. जाळं वर आलं, बांगडा चकाकला, वाळूवर वाट्यांचे ढीग पडत गेले. तुळसासमोरची वाळू तशीच कोरी राहिली. तिने रिकामी टोपली काखेला लावली आणि कोणाकडे न बघता घरची वाट धरली.

बाबूने तांडेलाला गाठलं. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या, उन्हाने काळा ठिक्कर पडलेला, मोजकं बोलणारा माणूस.

“वयनीचो वाटो खंय?”

तांडेलाने त्याच्याकडे नवलाने बघितलं. “माका काय इचारतस? तूच सांगलंस ना देवाक?”

“मी? कधी?”

“पुनवेक. गाव फोडता तेका भायर ठेव म्हणान. मी व्हय म्हटलंय. आता देवासमोर व्हय म्हटल्यार वाटो कसो देवचो?”

तेव्हा बाबूच्या डोक्यात प्रकाश पडला. आषाढात सरकारी साहेब किनारा बघायला आला होता. एका मुंबईच्या कंपनीला तिथे मोठं हॉटेल आणि पाण्यातले खेळ काढायचे होते, आणि हा किनारा कोणी वापरत नाही असं समितीने कळवलं होतं. साहेबाने सहज समोर दिसलेल्या बाईला विचारलं. ती निघाली तुळसा. तिने सांगितलं, हय आमी रापण ओढतंव, हय मासळी सुकवतंव, आमका कोणी इचारूक नाय. एवढ्यावर चौकशी लागली आणि काम थांबलं. गाव फोडणारी म्हणजे ती. नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. न कळलेला एकटा बाबू, ज्याने ते वाक्य उच्चारलं होतं.

तो तुळसाच्या अंगणात गेला तेव्हा ती जुनी सुकी मासळी निवडत बसली होती. तिचा नवरा बाबूचा लहानपणापासूनचा मैतर. तो गेल्यानंतरही येणंजाणं सुटलं नव्हतं.

“वयनी, माका म्हायत नव्हता.”

“बसा भावजी. तुमच्यासाठी च्या ठेवतंय. माझ्याकडची च्या चलता ना? गिरणीवाल्याक माझे तांदूळ पण चलनत नाय.”

“तूव पण व्हय म्हटलंस गो.”

“म्हटलंय तर. तुमी दम सोडलात की तोंड आपसूक उघडता. घराकडे येवन भाकरी थापताना ध्यानात इला, अगो बाये, ह्या तर आपल्यासाठीच होता.” ती हसली. हसताना हातातलं काम थांबलं नाही. “आता माका शिवेभायर ठेवूक देवाक माझीच परवानगी आसा.”

बाबूला हसू आलं नाही. “सायब परत येतलो म्हणतत. मगे काय सांगतलंस?”

“जा आसा ता.” तिने मान वर केली. “भावजी, दोन दिवस रापण बघून तिसऱ्या दिवशी रापण नाय म्हणूक माका येवचा नाय. जमात तेवढे दिवस ऱ्हवान, नायतर चेडवाकडे सावंतवाडीक जायन. पण सांगतलंय ताच.”

गाव सोडून लेकीकडे जायचं ती इतक्या साधेपणाने बोलली की बाबू चहाचा कप खाली ठेवून तसाच बसून राहिला.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जासिंत मास्तरांचा पिक्चर होता. जासिंत मास्तर हायस्कूलमधून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. दुपारच्या वेळी, चर्चमधली मिसा आटोपून आणि जेवून, ते जनरेटरच्या पेट्रोलापुरती वर्गणी घेऊन जाळी ठेवायच्या शेडमध्ये चादर लावायचे आणि जुने अमेरिकन घोड्यांचे पिक्चर दाखवायचे. मधेमधे पिक्चर थांबवून मालवणीत अर्थ सांगायचे. लोक घोड्यांसाठी यायचे आणि अर्थ सहन करायचे. गावातली कितीतरी मुलं असा अर्थ सहन करता करता इंग्रजी शिकली होती.

त्या दिवशीचा पिक्चर तारवाल्याचा होता. रेल्वेच्या कडेला धुळीचं गाव. ओढ्याकाठी नव्याने वस्ती केलेली गरीब कुटुंबं आणि ती जमीन हवी असलेला गुरांचा बडा मालक. स्टेशनात तार पाठवणारा एक मध्यमवयीन माणूस, ज्याने आयुष्यात बंदूक धरलेली नाही. मालक त्याच्याकडून तार पाठवून घेतो की वस्तीवाल्यांनी हत्यारं उचलली आहेत, पलटण पाठवा. तारवाला पाठवतो. बोट फक्त माझं, मजकूर गावाचा, असं तो बायकोला सांगतो. पलटण येते, ओढ्याकाठची घरं जळतात. मग मालक दुसरी तार घेऊन येतो, आणि या वेळी त्याच्यामागे सगळं गाव उभं असतं. तारवाला मजकूर वाचतो, आणि यंत्रावर ठेवलेला हात उचलून मांडीवर ठेवतो. बस्स. गावातली माणसं एकेक करून स्टेशनातून निघून जातात. तो एकटा उरतो. लांबून गाडीची शिटी येते आणि पिक्चर संपतो.

“मेलो काय जगलो?” मागून कोणीतरी विचारलं.

“दाखवल्यानी नाय,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, एक गोळी सुटाक नाय. पेट्रोलाचे पैसे परत देवा.”

हशा पिकला. मास्तरही हसले. मग त्यांनी नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं. हा पिक्चर निघाला तेव्हा अमेरिकेत सरकारी समिती सिनेमातल्या लोकांना समोर बसवून विचारत होती, तुमच्यात कम्युनिस्ट कोण कोण आहेत, नावं सांगा. नावं सांगितली त्यांना काम मिळालं. नाही म्हणाले ते घरी बसले. काहींना तुरुंग झाला, काहींनी दुसऱ्याच्या नावावर लिहून पोट भरलं. याच्यावर उघड पिक्चर कोण काढू देणार? मग त्यांनी जुनं गाव उभं केलं, घोडे आणले, आणि जे सांगायचं ते घोड्यांच्या आडून सांगितलं.

माणसं पांगली. बाबू चादर घडी करायला थांबला. तो सहसा थांबत नसे, म्हणून मास्तरांनी चष्म्यावरून एकदा बघितलं.

“मास्तर, म्हणजे नाव न घेता सांगणा बरा.”

“कोणी म्हटला?”

“तुमीच आता म्हटलात. घोड्यांच्या आडसून.”

“अरे, नावा इचारणाऱ्यांच्या बाजूचे होते तेंणी पण घोड्यांचेच पिक्चर काढले. घोडो कोणाकय पाठीर घेता.” मास्तरांनी चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. “आडसून सांगणारो कोणाक भियान आड जाता ता बघूक होया. आपणाक मारतीत म्हणान आड गेलो तर ता एक. दुसऱ्याक मारूचा आसा आणि आपला नाव लागाक नको म्हणान आड गेलो, तर ता दुसरा.”

घडी वाकडी झाली होती ती बाबूने उलगडून पुन्हा केली.

“तारवाल्यान पयली तार कित्याक पाठवल्यान?” त्याने शेवटी विचारलं.

“सवयीन,” मास्तर म्हणाले.

जत्रेला आठवडा असताना सुदेश बाबूच्या बागेत आला. मोटरसायकल माडाला टेकवली, विनीताकडे पाणी मागून प्यायला. विनीता म्हणजे बाबूची बायको. ती शहाळी सोलत होती, ती तशीच सोलत राहिली.

“काका, जत्रेक मुंबयकर पण येतले. मंडप भरलेलो आसतलो. पुनवेचा वाक्य परत सांगा, जरा ठासून.”

“तुळसासाठी?”

“नाव कित्याक घेतास? जो गाव फोडता तो.”

“मगे नाव घालून सांगतंय.”

सुदेश समजुतीने हसला. “काका, बहिष्काराच्या इरोधात कायदो झालो आसा. नाव घेवन सांगलात तर उद्या पोलीस दारात. देवाक काय सांगलास तेच्यार खंयचो पोलीस केस घालतलो? जत्रेनंतर सायब येता. तोपर्यंत काकी चेडवाकडे गेली तर सगळ्यांका बरा, तिका पण. माझा काय तिच्याशी वैर आसा? गावची पोरां गोव्याक जावन हॉटेलात भांडी घासतत. हयच हॉटेल झाला तर हय घासतली.”

“भांडीच ना?” विनीता म्हणाली.

सुदेशने ते ऐकलं नाही असं दाखवलं. “नाय जमणा तर तसा सांगा काका. मंगेशकाकांचो आवाज पण बरो आसा.”

मंगेश बाबूचा चुलतभाऊ. गाऱ्हाण्याचा मान त्या घराकडे गेला की परत यायचा नाही, हे सुदेशला ठाऊक होतं आणि बाबूलाही. बापाने मरताना बाबूला जमीन कुठे आहे ते सांगितलं नव्हतं. पालखीपुढे उभं राहताना पाय कसे ठेवायचे ते सांगितलं होतं. बाबूला मुलगा होता, पुण्यात नोकरीला. तो दर जत्रेला रजा काढून यायचा आणि बापाच्या मागे उभा राहायचा.

सुदेश गेल्यावर विनीताने विचारलं, “सांगतलास?”

“बघतंय.”

“बघतंय म्हणजे सांगतलास.”

रात्री जेवायला तिने त्याचं ताट तेवढं वाढलं आणि आपण तुळसाकडे जाऊन जेवली.

जत्रेच्या दिवशी दुपारी पालखी बाहेर काढण्याआधी मंडप भरला. मुंबईहून आलेली माणसं, पाव्हणे, पोरंटोरं, बाजूला गोड खाजं विकणाऱ्यांची दुकानं. ख्रिश्चन वाडीतली माणसंही नेहमीप्रमाणे आली होती, त्यांच्यात जासिंत मास्तर. बायकांच्या बाजूला तुळसा एका खांबाशी उभी होती. तिच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी होती. नंतर विनीता त्या जागेत जाऊन उभी राहिली.

सुदेशने नारळ दिला. बाबूने तो देवाच्या पायाकडे ठेवला आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात सगळी लेकरा जमली हत, तेंची सेवा मानून घे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“भायरगावसून जे कोण इले, तेंका सुखरूप परत ने म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“दर्याक गेलेलो होडीवालो, डोंगरात गेलेलो गुराखी, तेंची पाठ राख म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आवाज चढत होता. मंडपाच्या पत्र्याला घुमत होता. सुदेशने मान किंचित हलवली. बाबूने दम घेतला, आणि त्याला जाणवलं की गावाने त्याच्याबरोबर दम घेतला आहे. आता तो काहीही म्हणाला तरी व्हय येणार. हे त्याने आयुष्यभर केलं होतं. त्याने घेतलेला दम सोडून दिला. पुढचं तो बोलल्यासारखं बोलला, गाऱ्हाण्याच्या चालीत नाही.

“देवा, पुनवेक मी ह्याच तोंडान सांगलंय, गाव फोडणाऱ्याक शिवेभायर ठेव. माका ता वाक्य दिलेला होता. ता कोणासाठी होता ता हय सगळ्यांका म्हायत आसा. ती तुळसा. तिना सायबाक सांगल्यान, हय रापण ओढतंव आणि हय मासळी सुकवतंव. ह्या खरा आसा. रापण तू रोज बघतंस. खरा सांगलेल्या बाईक मी भायर काढूक सांगलंय, ती माझी चूक. ता वाक्य मी परत घेतंय. तुळसाक ह्याच गावात ठेव, तिचो वाटो तिका मिळांदे म्हाराजा.”

मंडपात व्हय आला नाही.

असं या देवळात कधी झालं नव्हतं. लोकांना राग आला होता असं नाही. सवयीची जागा आली होती आणि वाक्य सवयीचं नव्हतं. एक पोर खाज्यासाठी रडत होतं तेवढाच आवाज. बाबू हात जोडून उभा राहिला. त्याला वळून बघायचं नव्हतं आणि त्याने बघितलं नाही. पाय बापाने सांगितले होते तसे, जमिनीत रोवलेले.

“व्हय म्हाराजा,” तांडेल म्हणाला. सावकाश, एकट्याने, हिशेब करून सांगावं तसं.

मग बायकांच्या बाजूने आला. त्यात विनीताचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मग रापणीची माणसं, मग मागे उभे असलेले काही मुंबईकर, ज्यांना निम्मं कळलं होतं. सगळा गाव नव्हे. समितीची माणसं गप्प होती आणि मधली पुष्कळ माणसं एकमेकांकडे बघत होती. पण जो व्हय आला तो ऐकून आलेला होता. गळ्याचा अंदाज असलेल्या बाबूला त्यातला फरक कळला, आणि पुढचं वाक्य उच्चारायला त्याला थांबावं लागलं.

गाऱ्हाणं आटोपल्यावर सुदेश पुढे आला. आवाज त्याने खालीच ठेवला होता. “रीत मोडलात काका. गाऱ्हाण्यात माणसाचा नाव घेतत नाय.”

“घेतत तर. तुझ्या कोळंबीच्या तळ्याक तुझाच नाव घेतललंय.”

जवळपास उभे असलेले हसले. सुदेशने दुसरा नारळ उचलून मंगेशपुढे धरला. “मंगेशकाका, तुमी सांगा. रीतसर.”

मंगेशने नारळ घेतला. ज्याची त्याच्या घराने तीन पिढ्या वाट बघितली तो मान नारळासकट हातात आला होता. त्याने बाबूकडे बघितलं, मग खांबाशी उभ्या तुळसाकडे.

“एकदा सांगलेला आणि व्हय पडलेला गाऱ्हाणा त्याच दिवशी परत सांगनत नाय,” तो म्हणाला. “रीतच काढलंस म्हणान सांगतंय.” आणि त्याने नारळ खाली ठेवला.

पालखी निघाली.

साहेब पुढच्या आठवड्यात आला. तुळसाने जे आधी सांगितलं होतं तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. या वेळी साहेबाने, आणखी कोण आहे का, असं विचारल्यावर तांडेल पुढे झाला आणि बाबूही. चौकशी अजून चालू आहे. हॉटेलचं काय होईल ते गावात कोणाला ठाऊक नाही. तुळसाला वाटा मिळतो. गिरणीवाला तिचे तांदूळ घेतो आणि तोंड फिरवून पीठ देतो. त्यालाही ती रोज काहीतरी बोलून हसवायचा प्रयत्न करते.

समितीने बैठक घेऊन गाऱ्हाण्याचा मान बाबूकडून काढला आणि मंगेशकडे दिला. बाबूने वाद घातला नाही. मुलाचा पुण्याहून फोन आला, त्याला बातमी आधीच कळली होती. “बाबा, शिमग्याक मी येतंय,” तो म्हणाला. बाबू म्हणाला, “आता येवन काय करतलस? मी पुढे नाय.” मुलगा म्हणाला, “तुमच्या बाजूक उभो ऱ्हवतलंय.”

शिमग्याला होळीसमोर मंगेशने पहिलं गाऱ्हाणं सांगितलं. बाबू बाप गेल्यापासून पहिल्यांदाच माणसांत उभा होता, उजवीकडे मुलगा, थोडं पलीकडे विनीता आणि तुळसा. मंगेशचा आवाज खरंच बरा होता. त्याने पहिलं वाक्य सोडलं आणि सवयीने पुढच्यासाठी दम घेतला. पण व्हय आला नव्हता. मंगेश दचकून थांबला. गाव वाक्य ऐकत होता. पाऊस वेळेवर पडू दे, एवढंच मागणं होतं. त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. ते पुरतं ऐकून झालं, आणि मग, एक श्वास उशिरा, सगळीकडून एकदम आलं, “व्हय म्हाराजा.”

त्यात बाबूचा आवाज होता. इतकी वर्षं तो देवाला सांगत आला होता; व्हय म्हणायची वेळ त्या वर्षांत त्याच्यावर आली नव्हती. त्याने ते अख्ख्या गळ्याने म्हटलं.